एकांताचा ताळेबंद

हिंदी महासागरातील मालदीव बेटांची ओळख भारतीय बाजारपेठेला एकेकाळी कवडीमुळे होती. तेथील उथळ पाण्यात गोळा केलेल्या कवड्या गलबतांतून बंगालपर्यंत जात, तेथे त्या नाणे म्हणून चालत, आणि परतीच्या गलबतांत तांदूळ भरून येई. इ. स. १३४३ च्या सुमारास मालदीवला पोहोचलेल्या आणि काही काळ तेथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने या व्यापाराची नोंद करून ठेवली आहे. आज त्याच बेटांवर विक्रीस असलेली वस्तू मात्र कवडीमोल नाही. ती वस्तू म्हणजे एकांत.

मालदीवमध्ये सुमारे १,२०० लहान प्रवाळबेटे आहेत. त्यांपैकी जेमतेम २०० बेटांवर लोकवस्ती आहे. १९७२ मध्ये राजधानी मालेजवळच्या नारळीच्या एका बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, झावळ्यांचे छप्पर आणि सुमारे ६० पाहुण्यांची सोय, एवढाच त्याचा पसारा होता. कुरुंबा म्हणजे तेथील भाषेत शहाळे. पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत रुजली आणि संपूर्ण बेटच पाहुण्यांच्या स्वाधीन होऊ लागले. गेल्या काही वर्षांत त्यात आरोग्यसाधनेची भर पडली आहे. २०२१ मध्ये रा अॅटॉलमधील बोडुफुशी बेटावर सुरू झालेले ‘जोआली बीइंग’ हे तर सबंध बेटच या हेतूने योजलेले आहे.

अशा बेटावरील दिनक्रम साधा असतो. आल्यानंतर प्रकृतीची विचारपूस होते, झोप, आहार व ताण यांविषयी प्रश्न विचारले जातात आणि त्यानुसार पुढील दिवसांची आखणी होते. पहाटे योगासने, नंतर मालिश वा जलोपचार, हलके भोजन, दुपारी विश्रांती आणि सायंकाळी किनाऱ्यावर फेरफटका. वर्षभर दुकान, वसुली, करांची विवरणपत्रे आणि सतत वाजणारा दूरध्वनी यांत गुंतलेल्या गृहस्थाला तिसऱ्या दिवशी गाढ झोप लागते, यात नवल नाही. त्या झोपेचे मोल खरे आहे. परंतु व्यापारी माणूस कोणत्याही मालाची पडतळ काढल्याशिवाय राहत नाही. मग या शांततेचीही पडतळ काढून पाहणे उचित ठरेल.

प्रथम पाण्याचा विचार करू. या बेटांवर नद्या नाहीत. वाळूखाली पावसाच्या गोड पाण्याचा एक पातळ थर असतो. तो अधिक उपसला की खारे पाणी वर येते. म्हणून बहुतेक रिसॉर्टमध्ये समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करतात. घरोघरी स्वयंपाकघरात दिसणाऱ्या आरओ यंत्राचेच हे मोठे रूप होय. कार्यक्षम यंत्रालाही १,००० लिटर गोड्या पाण्यासाठी सुमारे ३ ते ४ युनिट वीज लागते, आणि ती वीज बहुतांशी डिझेलच्या जनित्रांतून येते. प्रत्येक व्हिलापुढील खासगी तरणतलाव आणि रोज धुतले जाणारे टॉवेल यांमागे बेटाच्या एखाद्या कोपऱ्यात, झाडीआड, अहोरात्र चालणारे यंत्रघर असते. ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे डिसेंबर २०१४ मध्ये दिसून आले. मालेतील पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पास आग लागली आणि एक लाखाहून अधिक नागरिकांचे पिण्याचे पाणी तुटले. तेव्हा भारताने हवाई दलाची विमाने व नौदलाची जहाजे पाठवून पाणी पोहोचवले होते.

दुसरी बाब अन्नाची. मासे आणि नारळ वगळता बेटावरील जवळजवळ प्रत्येक पदार्थ बाहेरून येतो. तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, कांदे, बटाटे यांचा ठरावीक वाटा भारत १९८१ च्या व्यापार करारानुसार मालदीवला देतो. भारतात निर्यातीवर बंधने असतानाही हा पुरवठा चालू राहतो. जे येते त्याची वेष्टने मागे उरतात. मालेजवळच्या थिलाफुशी येथे १९९२ पासून उथळ समुद्रात कचऱ्याची भर टाकून एक बेटच उभे राहिले. पाहुण्याच्या दृष्टीस ते सहसा पडत नाही.

तिसरी बाब पायाखालच्या वाळूची. तेथील पांढरीशुभ्र वाळू डोंगरातून वाहून आलेली नाही, ती सजीवांपासून घडते. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या पोटातून बारीक कण बाहेर पडतात. त्या कणांचा बेटांच्या घडणीत मोठा वाटा आहे. प्रवाळ मेले तर वाळूचा हा पुरवठाच आटतो. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने मालदीवच्या प्रवाळाची फार मोठी हानी झाली. ज्या देशाचा ८० टक्के भूभाग समुद्रसपाटीपासून १ मीटरही उंच नाही, त्याच्यासाठी हा अस्तित्वाचाच प्रश्न आहे.

आता प्रत्यक्ष देयकाकडे वळू. जाहिरातीतील दर पुष्कळदा करांविना असतो. त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि सेवाशुल्कासह झालेल्या रकमेवर पर्यटन वस्तू व सेवा कर लागतो. २०२५ च्या जुलैपासून तो १७ टक्के आहे. म्हणजे १,००० डॉलरची खोली १,२८७ डॉलरला पडते. शिवाय २०२५ च्या आरंभापासून रिसॉर्टमध्ये दर माणशी, दर रात्री १२ डॉलर हरितकर आहे. चौघांच्या कुटुंबास रोज ४८ डॉलर. दूरच्या बेटावर नेणाऱ्या सागरी विमानाचे भाडे बहुधा वेगळे असते. ते विमान अंधारात उडत नाही; सायंकाळी मालेला उतरणाऱ्यास एक रात्र तेथे काढावी लागते. सामानही प्रत्येकी २० किलो आणि हातातील ५ किलो एवढेच. घरून फराळाचे डबे नेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. विषुववृत्ताजवळ असल्याने मालदीवमध्ये वर्षभर साधारण सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि लगेच अंधार पडतो. कित्येक रिसॉर्ट आपले घड्याळ देशाच्या वेळेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, आणि रात्रीची भोजनगृहे बहुधा सूर्य मावळल्यावरच उघडतात. कंदमुळे वर्ज्य असलेले जेवण देण्यास बहुतेक ठिकाणचे आचारी तयार असतात. परंतु भाजी जहाजाने वा विमानाने येणार असल्याने ही मागणी वेळेसह, आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवलेली बरी.

या व्यवसायात जबाबदारीने वागणारेही आहेत. सोनू आणि इव्हा शिवदासानी यांनी १९९५ मध्ये बा अॅटॉलमध्ये सुरू केलेल्या ‘सोनेवा फुशी’त आल्याबरोबर पाहुण्यांची पादत्राणे पिशवीत ठेवली जातात. २००८ पासून त्यांनी बाटलीबंद पाणी आयात करणे थांबवले. पाणी बेटावरच शुद्ध करून काचेच्या बाटल्यांत भरले जाते, आणि टाकाऊ काच वितळवून तिच्या वस्तू घडवल्या जातात. ऐश्वर्य तेथेही आहेच. पण आपल्या खर्चाचा हिशेब ठेवण्याची वृत्तीही आहे.

म्हणून बेट निवडताना खोलीच्या छायाचित्रांबरोबर तीन प्रश्न विचारावेत. वीज कशावर चालते? कचरा कोठे जातो? भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि खुद्द मालदीवमधून आलेल्या, घरापासून दूर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची राहण्याची सोय कशी आहे? उत्तर देण्यास जो कचरतो, त्याच्याशी व्यवहार करावा की नाही, हे व्यापारी कुटुंबांना सांगावे लागत नाही.

आणि निघण्यापूर्वी घरातल्या घरात एक हिशेब जरूर मांडावा. त्या बेटावर ज्या गोष्टींनी माणसाला बरे वाटते, त्यांतील दूरध्वनी बाजूला ठेवणे, वेळेवर व मोजके जेवणे, लवकर निजणे आणि पायी चालणे यांसाठी जहाज लागत नाही. त्यांचा आरंभ येत्या रविवारी घरीच करता येतो. निळे पाणी आणि प्रवाळातील मासे मात्र घरी आणता येत नाहीत. त्यांच्यासाठी जायलाच हवे. एवढे ठरले की सात रात्रींऐवजी चार रात्री पुरतात, आणि त्या चार रात्री अधिक डोळसपणे घालवता येतात.