धुण्याचा नंबर

मार्च आला की अमेरिका आपली घड्याळं तासभर पुढे ढकलते. युरोपही ढकलतो. पण दोघांनी मिळून एकाच दिवशी ढकललं तर जगाची सोय होईल ना! म्हणून अमेरिका ढकलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोप शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे कोण कोणाच्या किती मागे, हे विचारायची सोय नाही. आपण आपल्या घड्याळाला वर्षभर बोटही लावत नाही आणि ताप मात्र आपल्यालाच.

आमच्या घरचा रविवारचा फोन तीन टोकांना वाजतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला ताई, पुण्यात मी आणि जानेवारीपासून स्वीडनमधल्या उप्सालाला भाची, म्हणजे ताईची लेक. जन्म अमेरिकेचा, पासपोर्ट अमेरिकेचा, मराठी मावशीपुरतं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातलं एक सत्र परदेशात करायची तिकडे पद्धत आहे, त्यात तिने उप्साला निवडलं. हिवाळ्यात हिशेब सरळ होता. ताईचे सकाळचे नऊ, भाचीचे दुपारचे तीन, माझे संध्याकाळचे साडेसात. आता ताईने घड्याळ पुढे केलं आणि तिचे नऊ माझ्या साडेसहावर येऊन आदळले. साडेसहाला मी मंडईत असते. तिथे एका हातात मेथी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी राहिले, तर भाची फोनवर नाहीच. तिचा निरोप आला, "सॉरी मावशी, आय हॅव लाँड्री."

"आईच्या फोनपेक्षा धुणं मोठं?" ताई कडाडली. मेथीवालीनेही मान वर करून पाहिलं.

मला मात्र भाचीची बाजू ठाऊक होती, कारण त्या धुण्याचं प्रकरण तिने मला आधीच सविस्तर ऐकवलं होतं. स्वीडनमध्ये फ्लॅटच्या इमारतीत घरोघरी वॉशिंग मशीन असेलच असं नाही. खाली तळमजल्यावर किंवा तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली असते. दोन-तीन दणकट मशीनं, एक ड्रायर, आणि एक उंच लोखंडी कपाट. त्या कपाटात दांड्यांवर कपडे टांगायचे, दार लावायचं, आतून गरम वारा सुटतो. जुन्या इमारतींत भिंतीवर तारखांचा आणि वेळांचा फळा असतो. प्रत्येक घराला आपलं एक छोटं कुलूप, ते आपल्याला हव्या त्या वारावेळेच्या भोकात बसवून फिरवायचं, की ती वेळ आपली. भाचीच्या इमारतीत हेच काम आता कॉम्प्युटरवर होतं. एवढंच, की रविवार दुपारसारखी सोन्यासारखी वेळ मिळवायची तर आठ-दहा दिवस आधी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. ती सोडून आईशी गप्पा मारायच्या म्हणजे पुढचे मोजे थेट बुधवारी रात्री.

एडिसनला ताईच्या तळघरात स्वतःचं मशीन, स्वतःचा ड्रायर. पोरगी रात्री दोनला एकटी जीन्स गरागरा फिरवत असे. "मला उद्या हीच हवी" हे अमेरिकन मुलाचं घोषवाक्य आणि त्याला नाही म्हणणारं घर मी तरी तिकडे पाहिलं नाही. तिथून ही उचलून उप्सालात टाकली. सुरुवातीच्या एका धुण्याच्या दिवशी तिला खाली यायला दहा मिनिटं उशीर झाला. पाहते तर तिचे ओले कपडे मशीनमधून बाहेर काढून टोपलीत नीट ठेवलेले आणि वर चिठ्ठी. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. "तुमची वेळ १४:०० ला संपली. आता १४:१० झाले आहेत." खाली एक हसरा चेहरा. भाची म्हणते, त्या हसऱ्या चेहऱ्याची जितकी भीती वाटली तितकी न्यू जर्सीतल्या कुठल्याही पोलिसाची वाटली नसेल.

मग तिने त्या खोलीतल्या बाकीच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि फोटो काढून मला पाठवले. ड्रायरवर: "जाळीत अडकलेला धाग्यांचा भुगा काढा. तो तुमचाच आहे." सिंकवर: "तुमची आई इथे राहत नाही." दारावर: "शेवटचा माणूस दिवा बंद करतो. तो माणूस तुम्ही आहात." वाचकहो, मी ते फोटो पाहून खुर्चीतून उठले. ह्या पुणेरी पाट्या आहेत! सदाशिव पेठेतून कोणी चोरून नेल्यासारख्या. इतकी वर्षं आपण समजत होतो की हा अपमान करण्याचा सभ्य प्रकार जगात आपल्याच गावी आहे. तर तिकडे स्वीडनभर या रागावलेल्या चिठ्ठ्या प्रसिद्ध, लोक त्यांचे फोटो काढून एकमेकांना दाखवतात.

फरक एकच, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पुण्यातला पाटी लिहिणारा दाराच्या फटीतून बघत असतो, की पाटी लागू पडते आहे की नाही. नाही पडली तर तो बाहेर येतो आणि तोंडी पुरवणी जोडतो. स्वीडिश चिठ्ठीवाला कधीच सापडत नाही. भाचीला पक्कं ठाऊक होतं की १४:१० चा माणूस शेजारच्या कॉरिडॉरमधला आहे. तो जिन्यात भेटला, गोड हसून "हेय" म्हणाला आणि गेला. ती बिचारी माफी मागायच्या तयारीत, दोन वाक्यं मनात जुळवून उभी. अमेरिकेत वाढलेलं माणूस लिफ्टमध्ये अनोळखी बाईच्या कुत्र्याचं वय विचारतं, दुकानातल्या गल्ल्यावर स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगतं. उप्सालात बसमध्ये शेजारी बसलेल्याला "थंडी आहे, नाही?" म्हटलं तर तो खिडकीबाहेर बघून थंडीची खात्री करून घेतो, "हो" म्हणतो, आणि विषय संपतो.

भाचीची तक्रार अशी, की नियम सगळ्यांना माहीत असतात आणि सांगत कोणीच नाही. अमेरिकेत कॉफीच्या कपावरसुद्धा लिहिलेलं असतं की आतली कॉफी गरम आहे. इथे बूट दाराशी काढायचे हे दिसेल तेव्हा कळतं. (ते आपल्या मुलीला निदान घरून माहीत होतं. तिच्या कॉरिडॉरमधल्या टेक्सासच्या मुलाने बूट घालून सामाईक स्वयंपाकघर ओलांडलं आणि फ्रिजवर नवी चिठ्ठी आली.) वर्ग दहाचा असेल तर तो सव्वादहाला सुरू होतो, हे तिला रिकाम्या वर्गात पंधरा मिनिटं बसल्यावर कळलं. विद्यापीठाचा हा पाव तास जुना आहे, आणि संध्याकाळी सहानंतरच्या कार्यक्रमांना तो दुप्पट होतो. पण कोणी घरी जेवायला बोलावलं की तो पाव तास चालत नाही. तिथे सहा म्हणजे सहा. लवकर पोचलेली माणसं थंडीत इमारतीला प्रदक्षिणा घालतात, पण सहाच्या आत बेल वाजवत नाहीत.

वर्गांवरून आठवलं. भावजींचा त्या शिक्षणावर राग आहे. अमेरिकेत एका वेळी चार-पाच विषय, दर आठवड्याला चाचणी, निबंध, हजेरी. स्वीडनमध्ये पुष्कळदा एका वेळी एकच विषय, साधारण पाच आठवडे, मग तो संपवून दुसरा. आठवड्याला दोन-तीन व्याख्यानं, बाकी वाचा. शेवटी चार-पाच तासांची एक परीक्षा, तिला मुलं केळी आणि सँडविच घेऊन बसतात. नापास झालात तर पुन्हा बसा, कोणी चेहरा वाकडा करत नाही. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची. भावजी मात्र अमेरिकेतल्या कॉलेजची पूर्ण फी भरतात, तेव्हा त्यांनी एका व्याख्यानाला किती डॉलर पडतात ते काढलं आणि आकडा ताईला न सांगता मला सांगितला. मीही इथे छापत नाही. २०११ पर्यंत स्वीडनमध्ये कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला फी नव्हती हे मी त्यांना बोलून गेले. त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत.

थंडीचंही सांगायला हवं. भाची जानेवारीत पोचली तेव्हा दुपारी साडेतीनच्या आत अंधार. तापमान उणे दहा. आता ही वाढली फॅरनहाइटमध्ये, तिला उणे दहा म्हणजे किती ते कळेना. ती मला विचारायची आणि मी पुण्याच्या पंख्याखाली बसून गुणाकार करायची. नशीब बघा, अमेरिकन मुलगी जाऊन पडली ती थेट अँडर्स सेल्सिअसच्या गावात. हे गृहस्थ उप्सालाचेच प्राध्यापक. त्यांचं घर अजून तिथल्या भर बाजारपेठेत रस्त्याला तिरकं उभं आहे. १७४२ साली त्यांनी आपली मोजपट्टी मांडली ती उलटी: पाणी उकळतं ते शून्यावर आणि गोठतं ते शंभरावर. त्यांच्या मृत्यूनंतर ती सुलटी केली गेली. भाची म्हणाली, उलटीच ठेवायला हवी होती, निदान जानेवारीत तापमान शंभराच्या वर आहे म्हणून बरं वाटलं असतं.

आणि एकदा रात्री अडीचला माझा फोन वाजला. ताई. तिकडे तिची दुपार. "अगं, तिथे काहीतरी भयंकर झालंय, मी फोनवर असताना सगळी इमारत किंचाळायला लागली आणि फोन तुटला!" मी उठून पाणी प्यायले, ह्यांनाही उठवलं. पुन्हा फोन लावला तर भाची हसत होती. ती राहते ते फ्लोग्स्टा म्हणजे विद्यार्थ्यांच्या उंच इमारतींची वस्ती. तिथे रात्री बरोबर दहाला मुलं खिडक्या उघडतात आणि जीव खाऊन ओरडतात. मिनिट-दोन मिनिटं. मग खिडक्या बंद, अभ्यास चालू. दिवसभर न बोललेलं सगळं त्या दोन मिनिटांत बाहेर पडत असावं असं माझं मत आहे. त्यालाही वेळ ठरलेली, हे विशेष. मौजेचंही तेच. ३० एप्रिलला ही मुलं घरी बनवलेले तराफे घेऊन फ्यूरिस नदीत उतरणार, आणि दुपारी बरोबर तीनला विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर हजारोंनी जमून डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढवणार. तीनच्या आधी नाही.

दारूचं तर विचारू नका. भाची वीस वर्षांची. अमेरिकेत तिला बिअर मागणं गुन्हा, स्वीडनमध्ये अठराव्या वर्षी बारमध्ये मिळते. ताईला हे कळल्यावर एक स्वतंत्र फोन झाला. पण जरा कडक बाटली घरी न्यायची तर ती बहुतेक वेळा सरकारी दुकानातूनच, शनिवारी तीनपर्यंत, रविवारी कुलूप. चॉकलेट-गोळ्यांनाही त्यांनी वार लावून दिला आहे: शनिवार. मुलं आठवडाभर थांबतात आणि शनिवारी पिशव्या भरतात. किती शिस्त, असं मीही म्हणणार होते. पण या शनिवारामागे लुंडमधल्या विपेहोल्म या मतिमंदांच्या संस्थेतले प्रयोग आहेत. १९४० च्या दशकात तिथल्या रुग्णांना, त्यांना काही न विचारता, दातांना चिकटून राहतील अशा टॉफ्या मुद्दाम खायला घातल्या आणि दात कसे किडतात ते पाहिलं. त्यातून सल्ला निघाला की गोड खायचं तर आठवड्यातून एकदाच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर मार्चमध्ये सुखी देशांची यादी येते, फुलांसकट. यंदा मी तिच्याखाली हे लिहून पाठवलं. कोणी अंगठाही दाखवला नाही.

तरीही मला तो देश आवडू लागला आहे, हे मान्य. नंबर ज्याचा त्यालाच मिळतो, मग तो मंत्र्याचा मुलगा असो की अमेरिकेची पाहुणी, आणि तोंड चालवून तो पुढे सरकत नाही. आपल्याकडे गॅसपासून दवाखान्यापर्यंत आपण जे "जरा बघा ना" म्हणतो, त्याला तिथे कोणी ऐकणाराच नाही. भाचीने मशीनच्या वेळेसाठी एकदा "जरा बघा ना" करून पाहिलं. इमारतीच्या ऑफिसातल्या बाईंनी प्रेमाने सांगितलं, पुढची रिकामी वेळ मंगळवारी सकाळी सात.

तेव्हा ज्यांची मुलं ऑगस्टच्या सत्राला तिकडे निघाली आहेत त्यांना माझं सांगणं. मोजे जास्त द्या, कारण धुणं आपल्या हातात नाही. सायकलचे पुढचे-मागचे दिवे घ्यायला सांगा, अंधारात त्यांच्याशिवाय सायकल चालवली तर दंड होतो. लोणचं द्या, पण बरणीवर नाव घालून. आणि विमानतळावर डोळे पुसत मुलांच्या हातात नोटा कोंबू नका. तिथे जुनी सायकल विकणारासुद्धा फोनवरून पैसे घेतो, त्या ॲपला स्वीडिश ओळख क्रमांक लागतो, आणि वर्षभरापेक्षा कमी राहणाऱ्याला तो क्रमांक सहसा मिळत नाही. भाचीने सायकल घेतली तेव्हा पैसे टेक्सासच्या मुलाच्या स्वीडिश मैत्रिणीने भरले. तिला परतफेड म्हणून भाची गेले दोन महिने तिच्यासाठी रविवारी पोहे करते आहे.