जुनी गाडी घेताय? 'रिकॉल'चा निरोप पहिल्या मालकाकडेच अडकलेला असू शकतो

सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की तालुक्याच्या गावी सेकंड हँड गाड्यांची चौकशी वाढते. आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, गाडी ठोकलेली आहे का विचारतो. पण कंपनीने ही गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावली होती का, हे सहसा कुणी विचारत नाही.

गाडी बनवतानाच राहिलेला दोष नंतर लक्षात आला, की कंपनी त्या गाड्या बोलावून तो भाग मोफत बदलून देते. यालाच 'रिकॉल' म्हणतात.

२०१६ मध्ये होंडाने देशातल्या सुमारे १ लाख ९० हजार गाड्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमुळे परत बोलावल्या. त्यात सिटी, जॅझ, सिव्हिक होत्या. एअरबॅग फुगवणारं रसायन उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं खराब होत जातं. मग अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर उडू शकतात. यात परदेशात माणसं दगावली आहेत. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितका धोका जास्त.

सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने १ लाख ८१ हजार ७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६, ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० दरम्यान बनलेल्या. दुरुस्ती होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असंही कंपनीने सांगितलं होतं.

अडचण पुढेच आहे. कंपनीकडे बहुतेक वेळा पहिल्या मालकाचाच पत्ता आणि नंबर असतो. गाडी दोन-तीन हात फिरते, सर्व्हिसिंग गावातल्या गॅरेजात होतं आणि निरोप मधेच अडकतो. १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीवर रिकॉलची सक्ती करू शकतं, दंड १० लाख ते १ कोटी रुपये. पण हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. त्याहून जुन्या गाडीची काळजी आपणच घ्यायची.

काय कराल?

- आरसीवरचा १७ आकडी-अक्षरी चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा.
- तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन रिकॉल बाकी आहे का विचारा.
- काम झालं असेल तर त्याचा कागद मागा.
- बाकी असेल तर ते मोफत होतं. तुम्ही पहिले मालक की तिसरे, याने फरक पडत नाही.

एजंट म्हणेल, "काही होत नाही, घ्या बिनधास्त." तरी एअरबॅगचं काम बाकी निघालं, तर ते होईपर्यंत इसार देऊ नका.