लाइबनिट्सचे दोन चक्रव्यूह आणि 'मुहम्मदी नियती'

तत्त्वज्ञानाच्या इतिहासाची जी पुस्तके मी वाचली, त्यांतल्या बहुतेकांचा क्रम ठरलेला आहे. ॲरिस्टॉटल संपतो, मधे अंधार, मग थेट गॅलिलिओ, देकार्त, लाइबनिट्स. हा अंधार कुणी पाडला?

लाइबनिट्सने १७१०च्या 'थिओडिसी'च्या प्रस्तावनेत बुद्धीला चकवणारे दोन चक्रव्यूह सांगितले. पहिला स्वातंत्र्याचा. सगळे आधीच ठरलेले असेल, तर माणूस जबाबदार कसा? दुसरा सातत्याचा. बिंदूला लांबी नाही, मग बिंदू जोडून रेषा बनेल कशी? आणि रेषेचे तुकडे कधीच संपत नसतील, तर अनंत तुकडे ओलांडून पाऊल पुढे पडते कसे?

हे दोन्ही प्रश्न नवव्या शतकात बसरा-बगदादच्या मुतझिला विचारवंतांनी हाती घेतले होते. अबुल हुजैल म्हणत, विभाजन एका अविभाज्य कणापाशी थांबते. नज्जाम म्हणत, विभाजनाला अंतच नाही. चालणारा मधल्या काही जागांना न शिवता 'तफरा' म्हणजे उडी घेतो. एकमेकांना खोडून काढणारे हे दोघेही माणसाच्या स्वातंत्र्याचे मात्र खंदे समर्थक होते.

लाइबनिट्सने चोरी केली, असे मी म्हणत नाही. बिंदू हे रेषेचे टोक आहे, भाग नव्हे, आणि अखंड रेषा ही मनातली कल्पना आहे, हे उत्तर त्याने आपल्या पद्धतीने मांडले. पण मैमोनिदीसच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर वाचून त्याने टिपणे काढली होती, आणि कलामवाद्यांचा कणवाद त्या ग्रंथात क्रमवार मांडलेला आहे. तरी त्याच प्रस्तावनेत तो आंधळ्या दैववादाला 'मुहम्मदी नियती' म्हणतो. का, तर तुर्क प्लेगचे गाव सोडत नाहीत म्हणे! साथीच्या गावात शिरू नका, आत असाल तर बाहेर पडू नका, ही पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. तिला दैववाद म्हणायचे की सावधगिरी?

दोष एकट्या युरोपचा नाही. आपल्याकडेही 'मुतझिला' हा शब्द शिवीसारखा वापरतात. प्रश्न विचारणाऱ्या पोराला 'तकदीर में जो है' म्हणून गप्प बसवतात. म्हणजे लाइबनिट्सने लावलेला शिक्का आपणच कपाळावर मिरवतो. मुतझिलांची मते पटली नाहीत तर खुशाल खोडून काढा. पण आधी ती पोरांना शिकवा तरी.