वाचक, ग्राहक आणि समुदाय

जबलपूर येथील मदन महल हा गोंड राजवटीतील लहानसा किल्ला प्रचंड शिळेवर उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश प्रथम सागरच्या मराठ्यांकडे व पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला. तेव्हापासून येथे मराठीचा वावर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि मध्य प्रदेशातील मराठी भाषकांचा मोठा आधार तुटला. अशा ठिकाणी भाषा टिकते ती शासनाच्या आश्रयाने नव्हे, तर वाचणाऱ्या माणसांच्या परस्परसंबंधाने. म्हणूनच संगणकीय माध्यमांतील समुदायांचा विचार मदन महलसारख्या वस्तीतून करणे अधिक उद्बोधक ठरते.

व्यापारासाठी समुदाय उभारण्याची कल्पना नवी मानली जाते. मराठीला ती नवी नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते कारखान्याचे वृत्त ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली या पत्राचे स्वरूप पालटत गेले. 'खबर' हा शब्द गळला आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' त्याच्या जोडीला आली. नांगर विकणाऱ्या संस्थेने स्त्रियांच्या प्रश्नांना, विज्ञानाला व ललित लेखनाला जागा दिली. वाचकाला केवळ गिऱ्हाईक मानले असते, तर हे घडले नसते.

१९९६ साली अमेरिकेतून सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळाने देशोदेशी विखुरलेल्या मराठी माणसांना असेच एकत्र आणले. तेथील दिवाळी अंकाने छापील परंपरेशी नातेही राखले. आज दिवाळीचा फराळ विकणारी गृहिणी असो वा लहान प्रकाशक, दोघेही समाजमाध्यमांवर आपले वर्तुळ तयार करतात. यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो समुदायाला केवळ विक्रीचे साधन समजण्याच्या वृत्तीला. ज्या पानावर संवाद नाही, केवळ जाहिरातच आहे, तेथे ग्राहक येतो आणि जातो. समुदाय उभा राहत नाही.

याहून गंभीर प्रश्न स्वामित्वाचा आहे. २००४ साली निघालेले 'ऑर्कुट' २०१४ मध्ये बंद झाले. २०१९ मध्ये 'गूगल प्लस'ची सामान्य वापरकर्त्यांसाठीची सेवाही थांबली. तेथे जमलेल्या समुदायांचे घर मालकाच्या व्यावसायिक निर्णयाने मोडले. मासिक बंद पडले तरी त्याचे जुने अंक ग्रंथालयात सापडण्याची आशा असते. संगणकीय लेखनाचे जतन हेतुपूर्वक केले नाही, तर तेवढीही आशा उरत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी या लेखनाकडे 'हौशी' म्हणून पाठ फिरविणे परवडणारे नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीची बोली, हिंदीशी होणारी तिची देवाणघेवाण, घरगुती शब्दसंपत्ती यांचे पुरावे पुष्कळदा येथेच मिळतील. लेखकांच्या संमतीने व खाजगीपणाची मर्यादा पाळून त्याचा संग्रह करणे हे विद्यापीठांचे व ग्रंथालयांचे कर्तव्य होय. व्यापाऱ्याने समुदायाचा मान राखावा, हे योग्यच. परंतु समुदायाची स्मृती राखण्याचे काम व्यापाऱ्यावर सोपवून विद्वानांना मोकळे होता येणार नाही.