सात आणि बारा

ज्या कागदाला आपण एका दमात सातबारा म्हणतो तो वस्तुतः एक कागद नाही, दोन आहेत. महसुली दप्तरातील गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. जमीन कोणाच्या मालकीची, तीवर कोणाचा बोजा, कोणाचे इतर हक्क, हे तो सांगतो. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पेरले, किती क्षेत्र लागवडीखाली आले आणि किती पड राहिले, हे ती सांगते. आणि जुन्या उताऱ्यांवर जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावासाठीही एक रकाना असे, ज्यात मालक स्वतःच नांगरामागे चालत असेल तर तलाठी ‘खुद्द’ एवढाच शेरा लिहून मोकळा होई. मुंबईच्या उपनगरांत उभी हयात काढून, निवृत्तीनंतर गावी एखाददोन एकरांवर साधेपणाने राहू असे मनोरथ रचणाऱ्या माझ्यासारख्या चाकरमान्यांचे सारे लक्ष साताकडे लागलेले असते आणि बाराचा आम्हांस साफ विसर पडलेला असतो, असे माझे मत झाले आहे; आणि ते होण्यासाठी मला स्वतःच्या चौदा गुंठ्यांत एक पावसाळा कंबर वाकवून काढावा लागला.

मनोरथांना निमित्तांची वाण नसते. आमच्या कांजूरमार्गच्या खाडीकाठी मुंबईच्या कचऱ्याचा फार मोठा हिस्सा येऊन पडतो, आणि रात्री वारा फिरला की खिडक्या लावून घेता घेता प्रत्येक घरात कोणी ना कोणी ‘आता गावाला जाऊन राहायचे’ असे म्हणतेच. ज्यांना गाव नाही त्यांच्यासाठी कर्जत, मुरबाड, शहापूरकडील जमिनींच्या जाहिराती स्थानकाबाहेर हातात पडतात. त्यांत आंब्याची कलमे, झोपाळा आणि ‘स्वतंत्र सातबारा’ यांचे आश्वासन असते, आणि त्या जमिनीत काय पिकते याबद्दल अवाक्षर नसते. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तितकाच रुंद चौक, १,०८९ चौरस फूट. माझे कांजूरचे घर अर्ध्या गुंठ्यात सहज मावते, म्हणून चौदा गुंठे हे मला कित्येक वर्षे संस्थानच वाटत आले होते.

याच कांजूरमार्गात मात्र ज्यांच्यापाशी साताचा चतकोरही नव्हता आणि ज्यांनी बाराचा रकाना पिढ्यान्‌पिढ्या भरला, अशी माणसे आपल्या डोळ्यांसमोर आहेत, आणि लोकलच्या दारात उभे राहून आपण रोज त्यांच्यासमोरून जात आलो आहोत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली, आणि रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर भाजीपाला लावण्याची पद्धत तिच्याच नावाने पुढेही चालत राहिली. मध्य रेल्वेच्या रुळांकडेला पालक, मुळा, लाल माठ यांचे जे वाफे उपनगरवासीयांनी पाहिले आहेत ते तिचेच अपत्य. त्या भाजीला नाल्याचे पाणी दिले जाई म्हणून आपण नाक मुरडत आलो, आणि ती तक्रार रास्तच होती. परंतु भल्या पहाटे दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन, गाडीचा अंदाज घेत वाफ्यांमधून उकिडवा सरकणारा माणूस पाहताना, अल्पसंतुष्ट जीवनाविषयी आपण जे बोलतो ते याला ऐकवण्याची आपली छाती होईल काय, असा प्रश्न मला नेहमी पडत आला आहे.

द्रुतगती महामार्गापलीकडची मिठागरेही तशीच. आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागा, आणि आगरी हे नाव त्या आगरावरूनच रूढ झाल्याचे सांगतात. भरतीचे पाणी आत घ्यावे, ते एकामागून एक वाफ्यांत उन्हाने दाट होऊ द्यावे, वाफ्याची जमीन पायांनी व फळीने चोपून चोपून काचेसारखी करावी, आणि उन्हाळ्याच्या ऐन भरात दाताळ्याने मीठ ओढून कडेला रास घालावी, ही शेती नव्हे असे कोण म्हणेल? २०२४ साली कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरले तेव्हा वर्तमानपत्रांतून त्या मिठागरांची नावे वाचावयास मिळाली: आर्थर, जेंकिन्स, जमास्प. साहेब गेले, मीठ पिकवणे सरले, तरी त्यांची नावे शाबूत राहिली. तेथे टाचांना भेगा पडेस्तोवर जमीन चोपणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या बातम्यांत नव्हते.

आता कायद्याचे म्हणणे ऐका. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने शेतकरी म्हणजे कोण हे सांगताना त्याच्या मालकीचा निर्देश केलेला नाही. जो जमीन जातीने कसतो तो शेतकरी, अशी त्याची व्याख्या आहे. ‘जातीने कसणे’ या दोन शब्दांत त्या पिढीच्या कायदेकर्त्यांनी जेवढी नीती भरली तेवढी मला अनेक ग्रंथांतही आढळली नाही. (त्यात स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकरवी कसण्याचीही सोय आहे, आणि त्या सोयीतून काय काय निसटले हे आपण सारे जाणतो.) त्याच अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यास मनाई आहे, शेतमजुराला ती मनाई नाही. व्यवहारात मात्र शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून आपण काय दाखवतो? आजोबांच्या नावापासून फेरफाराने उतरत आलेला सात. ज्याने जन्मात इरले डोक्यावर घेतले नाही असा मी त्या कागदाच्या बळावर शेतकरी, आणि शेजारच्या शेतात सत्तर पावसाळे काढलेल्या काकी, सातावर नाव नाही म्हणून, कागदोपत्री कोणीच नाहीत.

या काकींमुळेच मी शहाणा झालो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. दापोली तालुक्यातील आमची चौदा गुंठ्यांची मळी बारा वर्षे पड होती. २०२४ च्या रोहिणीत मी तेथे जाऊन राहिलो. मृगात पाऊस धरला, दाढीत टाकलेला कर्जत ३ या भाताच्या वाणाचा दाणा उगवून आला, आणि आषाढात चिखलणी होऊन लावणीस आरंभ झाला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने रोपांची मूठ हाती घेऊन एकेक चूड अंगठ्याने खोल दाबून बसवू लागलो. मागे पाहिले तर माझी ओळ सापासारखी गेलेली. काकी बांधावर उभ्या राहून काही वेळ पाहत होत्या. मग साडीचा काचा खोचून त्या चिखलात उतरल्या आणि म्हणाल्या, “दादा, गाडू नका त्याला. दोन बोटांनी नुसतं उभं करा. मूळ आपलं आपण खाली जातं.” मी लावलेली अर्धी ओळ त्यांनी उपटून पुन्हा लावली, न बोलता, आणि एकदाही कंबर सरळ न करता. मी दर दहा चुडांमागे आकाशाकडे पाहत होतो. ते ढगांच्या शोभेसाठी नव्हे. तिसऱ्या दिवशी पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या, आणि एरंडाचे तेल लावून पडवीत बसलो असता ज्या शांततेसाठी मी मुंबई सोडून आलो होतो ती भोवताली अपार पसरलेली असूनही तिच्याकडे लक्ष देण्याचे त्राण मला उरले नव्हते. पुढे भात पोटरीला आले तेव्हा रानडुकरांनी एका रात्रीत एक कोपरा लोळवला, आणि चित्रा नक्षत्राच्या पावसाने कापलेल्या भाताच्या काही पेंढ्या बांधावरच भिजल्या.

झोडणी होऊन माप झाले तेव्हा सात मण भात पदरी पडले, म्हणजे २८० किलो. त्या वर्षी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, तेव्हा त्याची किंमत ६,४४० रुपये. आणि नांगरणीचे यंत्र, बियाणे, खत व लावणी-कापणीची मजुरी मिळून माझा खर्च ९,३४० रुपये. माझे सहा महिन्यांचे श्रम हिशेबात न धरता तोटा २,९०० रुपयांचा. पेंढा काकींच्या गुरांनी खाल्ला, तो मी धरलेला नाही.

हा हिशेब मी लाजत लाजत मांडला खरा, पण पुढे ध्यानात आले की साधेपणाचे जे खरे उपासक होऊन गेले ते सारे हिशेबाला पक्के होते. दुर्गा भागवतांच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या अनुवादाने मराठीत आलेला थोरो आपण सरोवर, एकान्त आणि चिंतन यांसाठी आठवतो. परंतु त्याने अडीच एकरांत मुख्यतः घेवडा पेरला, खुरपणीपासून बियाण्यापर्यंत पैन्‌पैचा जमाखर्च छापला आणि शेवटी आठ डॉलर व साडेएकाहत्तर सेंट नफा दाखवला. तो घेवडा त्याने स्वतः खाल्लाही नाही. तो देऊन तांदूळ घेतला. आणि जमीन? ती त्याचा मित्र इमर्सन याची. विनोबांनी १९५० मध्ये पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, बैलांवाचून केवळ मनुष्यबळाने ऋषिशेती केली, विहिरीचा रहाट माणसांनी फिरवला. तो आश्रम ज्या बंगल्यात उभा राहिला तो जमनालाल बजाजांचा. या दोघांपाशी सात नव्हता. बारा मात्र चोख होता.

आपल्याकडे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी तर पानावर पडणाऱ्या उन्हाचाही हिशेब मांडला, आणि प्रयोग परिवाराच्या द्वारे दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब सुखाने जगवण्याचा आराखडा शेतकऱ्यांपुढे ठेवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यातून जी बाग फुलली ती त्यांच्याच विचाराची. तिला तर जमीनच नव्हती. अभियंत्याची नोकरी सोडून आमच्याच तालुक्यात कुडावळ्यास स्थायिक झालेले आणि ‘गतिमान संतुलन’ हे मासिक चालवीत आलेले दिलीप कुलकर्णी यांचे उदाहरण मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण त्यांच्या जीवनाची ओढ अनेकांना वाटते. परंतु तेथून परतताना त्या घराच्या साधेपणाचे वर्णन जो तो करतो, आणि तो साधेपणा रोज सकाळी उठून नव्याने करावा लागतो हे सांगणारा विरळा.

‘मग काय आम्ही जाऊच नये?’ असे कोणी विचारील. जावे. महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.३४ हेक्टर आहे. म्हणजे बहुतेक मराठी शेतकरी हौसेने नव्हे तर निरुपायाने अल्पभूधारक आहे, आणि आपण ज्याला साधी राहणी म्हणतो तिला तो ओढाताण म्हणतो. त्याच्या शेजारी जाऊन राहावयाचे तर निदान त्याचे काम अंगवळणी पाडावे. माझी सूचना अशी की जमीन घेण्यापूर्वी एक पूर्ण खरीप दुसऱ्याच्या शेतात मजुरासारखा घालवावा. ज्याला दिवाळीनंतरही जावेसे वाटेल त्याने खुशाल खरेदीखत करावे; ज्याला वाटणार नाही त्याची पुंजी तरी वाचेल.

आणि ज्यांच्यापाशी वडिलोपार्जित सात आहे पण जातीने कसणे होणार नाही, त्यांनी जमीन कसणाऱ्याच्या हाती द्यावी. कोकणात मळ्याच्या मळ्या कुळाच्या भीतीने पड आहेत. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणाऱ्यांना मालकी देणारी तरतूद न्याय्यच होती, असे मी तिच्यामुळे जमीन गमावलेल्या घरातला असूनही म्हणतो. पण आज कूळ होऊ पाहणारा माणूसच गावात उरलेला नसताना भीती तेवढी उरली आहे. मुदतीच्या, लेखी आणि दोघांनाही निर्धोक अशा भाडेपट्ट्याचा नमुना कायदा नीती आयोगाने २०१६ मध्येच तयार केला होता. त्या धर्तीचा कायदा महाराष्ट्राने आणून तो अमलातही आणावा, अशी माझी शासनास विनंती आहे. मी स्वतः कायद्याची वाट न पाहता वरकसाचा तुकडा काकींच्या मुलाला नाचणीसाठी दिला आहे. घरच्यांनी मला वेड्यात काढले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करावयाची असते. उभ्या पिकाचे छायाचित्र त्या गटात प्रत्यक्ष उभे राहून काढावे लागते. कांजूरमार्गच्या बाल्कनीतून ते जमत नाही. मी करून पाहिले आहे.