टचपॅड वर आलाय? लॅपटॉप आधी बंद करा

गेल्या आठवड्यात एक ताई मुलाचा लॅपटॉप घेऊन नाशिकरोडच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. तक्रार एवढीच, की टचपॅडचं क्लिक होत नाही. मी तो काउंटरच्या काचेवर ठेवला, तर डुगडुगायला लागला. खालचे स्क्रू सोडले तसं झाकण आपोआप वर आलं. आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. "मध्ये फुगीर झालाय म्हणून मुलगा रात्री वर जाड पुस्तकं ठेवायचा," ताई म्हणाल्या. माझ्या पोटात गोळा आला.

लिथियम बॅटरीत धन आणि ऋण थरांमध्ये कागदाहून पातळ पडदा असतो. दाबून किंवा टोचून तो फाटला, की आतल्या आत शॉर्ट होतं आणि बॅटरी पेट घेऊ शकते. फुगवटा असतो आत साठलेल्या वायूचा. म्हणून बॅटरी फुगल्याची शंका आली, की लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा आणि दुकान गाठायचं. घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं नाही.

बॅटरी वयाने थकतेच, पण उष्णतेने आणि कायम शंभर टक्के भरलेली राहिल्याने लवकर थकते. या मुलाचा लॅपटॉप दिवसरात्र चार्जिंगला, तोही गोधडीवर. पंख्याच्या जाळीतून मी चिमट्याने कापसाची अख्खी पट्टी ओढून काढली, गोधडीच्या निळ्या दोऱ्यासकट. हवा जाणार कुठून? खाली साधा लाकडी पाट ठेवला असता तरी पुरे होतं. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. सतत प्लगवर काम करणाऱ्यांनी ती जरूर चालू करावी.

राग येतो तो विकणाऱ्यांचा. बॅग देतात, माऊस देतात, पण बॅटरीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरी जुनी बॅटरी द्यायची कुठे, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. मग ती घंटागाडीत जाते आणि कचऱ्याच्या गाडीत चिरडली जाते. सफाई कामगारांच्या हातात आपण आग देतो आहोत. विकत घेताना दुकानदाराला विचारा, जुनी बॅटरी परत घेणार का?

आणि आज रात्री एक करा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगला, तर उद्या सकाळी दुरुस्तीला न्या. मधल्या वेळात चार्जिंगला लावू नका.