खोक्यांची खोली

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरी बहुधा एक खोली अशी असते की, तिचे दार पाहुण्यांदेखत उघडत नाहीत. सरकारी निवासस्थानाच्या नकाशात तिला कोठीची खोली म्हटलेले असेल, अभ्यासिका म्हटलेले असेल. घरात तिचे नाव एकच : खोक्यांची खोली. मागल्या बदलीची न सोडलेली खोकी, पुढल्या बदलीसाठी जपलेली गोणपाटे, मोडका पंखा, आणि कोपऱ्यात सुतळीने आवळलेली मराठी पुस्तके. ही व्यवस्था सोयीची आहे असे आपण मानतो. ती हानिकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिल्लीत १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते तेथे पुन्हा भरले. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. आम्ही टाळ्या वाजविल्या, आणि त्या योग्यच होत्या. परंतु मंडपातून घरी परतल्यावर किती जणांनी त्या सुतळीची गाठ सोडली? आपली मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचतात. मराठी त्यांच्या कानांवर पडते ती स्वयंपाकघरात. डोळ्यांपुढे ती येतच नाही. जी भाषा घरात खोक्यात बांधलेली असते ती सामानापैकीच एक, असे मूल समजते. आणि त्याचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जागेचा. राष्ट्रीय इमारत संहिता निवासी घरातील कोठीच्या खोलीस किमान ३ चौरस मीटर जागा सांगते. तेवढ्यात एक मेज, दोन खुर्च्या आणि भिंतीलगत पुस्तके सहज मावतात. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत अख्खी कुटुंबे राहिली, आणि त्याच खोल्यांतून मुले शिकून पुढे आली. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कोठडीत, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने लिहिले. तसले हाल कोणी सोसावेत असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, जागेची सबब आपल्या तोंडी शोभत नाही.

दुसरा आक्षेप बदलीचा. “आज मांडायचे, उद्या पुन्हा बांधायचे, कशाला?” सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांनी केंद्र सरकारच्या सहाव्या वेतनस्तरावरील व त्यापुढील अधिकाऱ्यास बदलीच्या वेळी ६००० किलोपर्यंत सामान नेण्याची मुभा आहे. म्हणजे पुस्तके सरकारी खर्चाने गावोगाव हिंडतात आणि एकाही गावी उघडत नाहीत! वस्तुतः ज्या लाकडी खोक्यांतून ती येतात, तीच आडवी करून एकावर एक रचली की मांडणी तयार होते. भिंतीत खिळा ठोकावा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. बदलीचा हुकूम आला की फळी ठोकावी आणि निघावे.

तिसरा आक्षेप पाहुण्यांचा. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यासाठी उरलेले तीनशे एकसष्ट दिवस खोलीस कुलूप लावणे हे आतिथ्य नव्हे. गावाकडचे काका-मामा पुस्तकांच्या खोलीत आनंदाने झोपतील. सकाळी एखादे हाती घेऊन नातवंडांना वाचूनही दाखवतील.

काही पथ्ये मात्र पाळावीत. खोलीस खिडकी नसेल तर तेथे मुलास बसवू नये; ट्रंका तेथे हलवाव्यात आणि उजेडाची जागा वाचनास द्यावी. खोकी ओल धरणाऱ्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, नाहीतर पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. मुलांची पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या खणात असावीत. दार उघडे असावे.

“मुले वाचणारच नाहीत,” असे शेवटी कोणी म्हणेल. मुलांनी नाकारले असे म्हणण्याआधी त्यांच्यापुढे काही ठेवलेले तरी असावे लागते. आई-बाप स्वतः संध्याकाळी अर्धा तास तेथे बसत नसतील, तर मुलांकडून ती अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस नाही. संमेलने भरविणे संस्थांचे काम आहे, दर्जा देणे सरकारचे. सुतळी सोडणे हे मात्र आपलेच काम आहे, आणि त्यासाठी एखाद्या रविवारची सकाळ पुरते.